राजपुत्र आणि त्याचा अंगरक्षक

'मिराज' भारी की 'द लॉस्ट क्राऊन', हा व्हिडिओ गेमचा वाद परवा धरमपेठेत तर्री पोह्यांच्या गाडीवर कानावर आला. एक पोरगा म्हणत होता, "बगदादच्या गच्च्यांवरून पळायची मजा त्या आडव्या गेममध्ये कुठून येणार बे?" दुसरा प्लेटीत आणखी तर्री ओतून घेत म्हणाला, "तुह्यात गवतात लपून बसा फक्त. ह्याच्यात लढावं लागते."

'मिराज' असॅसिन्स क्रीड मालिकेतला, ऑक्टोबर २०२३ चा. 'लॉस्ट क्राऊन' प्रिन्स ऑफ पर्शिया मालिकेतला, जानेवारी २०२४ चा, आडवा, म्हणजे नायक बाजूने दिसणारा. दोन्ही युबिसॉफ्ट या कंपनीचेच. पण हे भांडण शेजाऱ्यांचं नाही, भाऊबंदकीचं आहे.

मूळ 'प्रिन्स' १९८९ चा, जॉर्डन मेकनर यांनी ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी केलेला. त्यांनी धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट गिरवून राजपुत्र उभा केला. म्हणून तो पडताना खराखुरा माणूस पडल्यासारखा वाटायचा. ॲपल टूच्या तुटपुंज्या मेमरीत शत्रूच्या वेगळ्या चित्रांना जागाच उरेना, तेव्हा राजपुत्राचीच चित्रं जराशी सरकवून त्यांनी त्याची सावली बनवली. ही सावली शेवटी तलवार उपसून समोर येते. तिला मारलं की आपलाच जीव कमी होतो, तलवार म्यान केली की ती आपल्यात विरून जाते. तंगीतून निघालेली इतकी देखणी युक्ती मला तरी दुसरी माहीत नाही.

आमच्याकडे तो सीताबर्डीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फ्लॉपीवरून पोचला. सर जेवायला गेले की काळ्या पडद्यावर 'प्रिन्स मेगाहिट' टाइप करायचं, म्हणजे मधल्या पायऱ्या गाळून पुढे जाता यायचं. राजकन्येला सोडवायला साठच मिनिटं. सरांचा डबा त्याच्या कितीतरी आधी संपायचा.

१९९९ चा त्रिमिती प्रयोग फसला. मग २००३ साली युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने 'सँड्स ऑफ टाइम' काढला. मेकनर सोबत होते, सूत्रं पात्रीस देझिले यांच्याकडे होती. भिंतीवरून धावणं आणि खंजिराने वेळ मागे फिरवणं, दोन्ही इथलंच. पुढच्या पिढीच्या यंत्रांसाठी नवा 'प्रिन्स' करायला घेतल्यावर देझिले यांना खटकू लागलं की राजपुत्र म्हणजे नुसता गादीची वाट बघत बसलेला माणूस, नायक कसला? वाचन करता करता ते मध्ययुगीन इराणमधल्या हसन-ए-सब्बाहच्या मारेकरी पंथापर्यंत पोचले. नव्या आराखड्यात राजपुत्र उरला पाहुण्यापुरता आणि त्याला राखणारा मारेकरी झाला नायक. 'प्रिन्स'च्या नावाखाली प्रिन्सच नायक नाही, हे काही कंपनीच्या पचनी पडेना. शेवटी नावच बदललं आणि नोव्हेंबर २००७ मध्ये 'असॅसिन्स क्रीड' आला. काळ ११९१ चा, शहरं जेरुसलेम, दमास्कस आणि अक्को.

नाळ मात्र तुटली नाही. 'सँड्स'मध्ये आपण मेलो की राजपुत्र सांगतो, नाही नाही, असं घडलंच नव्हतं. 'क्रीड'मध्ये पूर्वजाच्या आठवणी दाखवणारं यंत्रही आपण मेल्यावर तेच सांगतं, फक्त यंत्राच्या भाषेत.

पुढे धाकट्या घराची इतकी भरभराट झाली की थोरलं घर झाकोळलं. गादी साताऱ्याला आणि कारभार पुण्याला, त्यातला प्रकार. नागपूरकर भोसल्यांना हा सल वेगळा सांगायला नको. 'सँड्स'च्या नव्या आवृत्तीचं काम खरोखरच पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आलं होतं. २०२० मध्ये घोषणा झाली, झलक बघून लोकांनी नाकं मुरडली आणि २०२२ मध्ये काम पुन्हा मॉन्ट्रियलला गेलं.

आता ते दोन गेम. 'मिराज' मुळात 'वल्हाला' या 'क्रीड' मालिकेतल्याच आधीच्या गेमची पुरवणी म्हणून सुरू झाला आणि वाढत वाढत स्वतंत्र झाला. अवाढव्य नकाशे सोडून एका शहरात लपतछपत वावरण्याकडे, म्हणजे २००७ कडे, तो परततो. 'लॉस्ट क्राऊन' त्याहून मागे जातो, थेट १९८९ च्या आडव्या पडद्यापर्यंत. तलवारबाजीत तो मला सरस वाटतो. दुसऱ्या पोराच्या बाजूने माझं मत. खप मात्र अपेक्षेइतका झाला नाही.

आणि त्याचा नायक सारगॉन राजपुत्र नाहीच. पळवून नेलेल्या राजपुत्राला सोडवायला काफ पर्वतावर निघालेला तो एक शिपाई आहे. वीसेक वर्षांपूर्वी 'प्रिन्स'च्या नावाखाली चालणार नाही म्हणून जी गोष्ट बाहेर काढली, ती त्याच नावाची पाटी लावून परत आली.