पक्ष्यांच्या पिल्लांचं डीएनए सेक्सिंग

पिल्लू नर आहे की मादी हे त्याच्या उपटलेल्या पिसातून, रक्ताच्या थेंबातून किंवा फुटलेल्या अंड्याच्या कवचाला आतून चिकटलेल्या पापुद्र्यातून डीएनए काढून ओळखायची टेस्ट. पक्षी पाळणारे तिला नुसतं "डीएनए" म्हणतात, म्हणजे "याचा डीएनए झालाय का?" असं कोणी विचारलं तर हेच विचारलेलं असतं. लिंगनिदान म्हटलं की आपल्याकडे सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवरचा बोर्ड डोळ्यासमोर येतो, पण १९९४ चा तो कायदा माणसाच्या गर्भासाठी आहे, पक्ष्यांची टेस्ट उघडपणे करता येते.

टेस्ट लागते कारण खूप पक्ष्यांमध्ये नर-मादी दिसायला हुबेहूब सारखे. मोर-लांडोर मोठे झाल्यावर कोणीही ओळखेल, बजरीगरचं नाकावरचं मांस निळं का तपकिरी यावरून कळतं, एक्लेक्टस पोपटात तर नर हिरवा आणि मादी लाल. पण फिशर लव्हबर्ड, सन कन्युर, आफ्रिकन ग्रे हे पोपट, बरीचशी घुबडं, गिधाडं यांच्यात बाहेरून बघून काहीच कळत नाही, आणि पिल्लांमध्ये तर जे मोठेपणी वेगळे दिसतात तेही सारखेच दिसतात. जुने लोक ओटीपोटाची हाडं चाचपून सांगतात, ते अंडी घालायला आलेल्या मादीत थोडंफार जमतं, पिल्लात अजिबात नाही. पूर्वी डॉक्टर भूल देऊन पोटात दुर्बीण घालून बघायचे, म्हणजे पक्ष्याच्या जिवाला धोकाच. (आपला कंठवाला देशी पोपट पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे पाळीव म्हणून इथे लिहिलेलं सगळं परदेशी जातींबद्दल आहे.)

जोडी एकमेकांना भरवते, डोकं खाजवते म्हणजे नर-मादी असणारच, हा सगळ्यात मोठा गैरसमज. माझ्याकडे "पक्की पेअर" म्हणून घेतलेले दोन फिशर असेच दिवसभर एकमेकांना चिकटून बसायचे, मग घरट्यासाठी टांगलेल्या मडक्यात ९ अंडी झाली, दोघंही आळीपाळीने तीन आठवडे बसले, मी टॉर्च लावून बघितलं तर एकाही अंड्यात शीर नाही. डीएनए केला तर दोन्ही माद्या. त्या बिचाऱ्या रिकाम्या अंड्यांवर अंग झिजवत होत्या, पिसं काढून टेस्ट आधीच केली असती तर हे टळलं असतं याचं मला अजून वाईट वाटतं.

यामागचं विज्ञान माणसाच्या बरोबर उलटं आहे. माणसात बाईकडे दोन एक्स गुणसूत्रं आणि पुरुषाकडे एक्स-वाय, म्हणून मूल मुलगा होणार की मुलगी हे बापाकडून ठरतं (तरी दोष आईलाच देतात, हे किती चूक आहे). पक्ष्यांत नराकडे दोन झेड आणि मादीकडे झेड-डब्ल्यू, त्यामुळे पिल्लाचं लिंग खरोखर आईच्या अंड्यात ठरतं. सीएचडी नावाचं एक जीन झेडवरही असतं आणि डब्ल्यूवरही, फक्त दोन्हीकडे त्याच्या मधल्या एका तुकड्याची लांबी वेगळी असते. पीसीआर मशीनमध्ये तेवढाच तुकडा दर फेरीला दुप्पट करत नेतात, ३० फेऱ्यांत एकाचे १०० कोटींच्या वर होतात, मग जेलीसारख्या थरात वीज सोडून ते लांबीप्रमाणे वेगळे करतात. एक पट्टा दिसला तर नर, दोन दिसले तर मादी. १९९८ मध्ये रिचर्ड ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी पी-२ आणि पी-८ या प्रायमरची (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) जोडी दिली, जी बहुतेक सगळ्या पक्ष्यांना चालते. शहामृग आणि इमूमध्ये मात्र ही टेस्ट चालत नाही कारण त्यांचे झेड आणि डब्ल्यू अजून फारसे वेगळे झालेलेच नाहीत, त्यांच्यासाठी डीएनएवरच्या दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात.

घरी सॅम्पल घ्यायचं असेल तर पिल्लाला छातीवर नीट पिसं येऊ द्यायची, मग कोणीतरी त्याला टॉवेलमध्ये हलक्या हाताने धरायचं आणि छातीवरची ३-४ बारीक पिसं चिमटीत धरून एका झटक्यात ओढायची. डीएनए पिसाच्या मऊ भागात नाही, बुडख्याला, जिथे ते कातडीत रुतलेलं असतं तिथे असतो, म्हणून बुडख्याला बोट लावायचं नाही आणि कात्रीने पीस कापलं तर उपयोग नाही. पिंजऱ्याच्या तळाशी गळून पडलेलं पीस देऊ नये, एक तर त्यात डीएनए कमी आणि ते नक्की कोणाचं हे कोण सांगणार. एका पक्ष्याचं एकच पाकीट, त्यावर लगेच पक्ष्याच्या पायातल्या रिंगचा नंबर लिहायचा. रक्त द्यायचं तर एक थेंबही पुरतो कारण पक्ष्यांच्या लाल पेशीत केंद्रक असतं, आपल्या नसतं, पण ते डॉक्टरांकडूनच घ्यावं.

रिपोर्ट चुकतो तो बहुतेक सॅम्पलमुळे. डीएनए खराब असला की मादीचा डब्ल्यूचा पट्टा उठतच नाही आणि ती नर म्हणून येते, म्हणून शंका आली तर "नर" असा रिपोर्ट आलेल्या पक्ष्याची टेस्ट परत करावी.

कोंबड्यांच्या हॅचरीत एका दिवसाच्या पिल्लाला डीएनए परवडत नाही, तिथे शेपटीखाली दाबून किंवा पंखाच्या पिसांवरून निवडतात. पण अंडी देणार नाहीत म्हणून नर पिल्लं मारायला जर्मनीने २०२२ पासून बंदी घातली, त्यामुळे अंड्यातच लिंग ओळखायच्या पद्धतींचा, त्यात पीसीआरचाही, वापर वाढला.

जंगलात या टेस्टने जे दाखवलं ते थक्क करणारं आहे. ब्राझीलमध्ये स्पिक्स मकाव हा निळा पोपट जंगलात एकच उरला होता, त्याला जोडीदार म्हणून नर सोडायचा का मादी हेच कळेना. गळलेल्या पिसांवरून ग्रिफिथ्स आणि बेला तिवारी यांनी तो नर असल्याचं १९९५ मध्ये छापलं. त्याच वर्षी मादी सोडली, ती काही आठवड्यांत बेपत्ता झाली, आणि २००० नंतर तो नरही दिसला नाही. सेशेल्सच्या कझिन बेटावरच्या वटवट्यांत मुली घरी राहून पुढच्या पिल्लांना भरवतात. १९९७ च्या अभ्यासात पिल्लांच्या रक्तावरून दिसलं की किडे कमी असलेल्या जागेतल्या, मदतनीस नसलेल्या जोड्यांची ७७ टक्के पिल्लं नर आणि भरपूर खाणं असलेल्या जागेत फक्त १३ टक्के, म्हणजे आई परिस्थिती बघून मुलगा का मुलगी हे जवळजवळ निवडते.

आपल्याकडे गिधाडांसाठी हे सगळ्यात गरजेचं. मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेलेल्या डायक्लोफेनॅक या गुरांच्या वेदनाशामक औषधाने ती जवळपास संपली, जोडी वर्षाला एकच अंडं देते, आणि प्रजनन केंद्रातल्या पिंजऱ्यात नर-माद्यांची संख्या सारखी नसेल तर आख्खं वर्ष वाया. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने २००७ मध्ये पांढऱ्या पुठ्ठ्याच्या आणि लांब चोचीच्या गिधाडांसाठी पक्ष्याला न दुखवता करायची अशी टेस्ट दिली. हरियाणातल्या पिंजोर केंद्रात वाढलेली याच दोन जातींची गिधाडं २०२४ मध्ये आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणली गेली.