200.0 वर कोण बसलंय?

छत्रपती संभाजीनगरात आमच्या गच्चीवर भाच्यानं तळहाताएवढा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (कुठल्या वारंवारतेवर किती ताकदीचा सिग्नल आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र) सुरू केला आणि पाचच मिनिटांत जिन्यातून ओरडला, "मामा, वर या! 200 मेगाहर्ट्झवर कुणीतरी बसलंय."

पडद्यावर दोन उंच काड्या होत्या. 98.3 वर खासगी एफएम, 101.7 वर आकाशवाणी. आणि बरोब्बर 200.0 वर तिसरी, बुटकी. पूर्वी दूरदर्शन ज्या 174 ते 230 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दिसायचं, त्याच्या मधोमध. गड्याला चोरटं केंद्र सापडल्याचा आनंद झाला होता. म्हटलं, "आधी 98.3 आणि 101.7 ची बेरीज कर."

मिक्सर म्हटलं की आपल्याला शेंगदाण्याची चटणी आठवते. या यंत्रातला मिक्सर वारंवारता कालवतो. आतल्या ऑसिलेटरची, म्हणजे लहर तयार करणाऱ्या भागाची, लहर आणि बाहेरून आलेला सिग्नल त्यात एकत्र आले की त्यांची बेरीज आणि वजाबाकी तयार होते. त्यातली एक ठरावीक वारंवारता, म्हणजे आयएफ, फिल्टरनं निवडून तिची ताकद मोजायची. एडविन आर्मस्ट्राँगनं 1918 साली रेडिओसाठी काढलेली ही युक्ती अजून चालू आहे.

पण मिक्सरला आपलं-परकं कळत नाही. दोन केंद्रं फार जोरात आत शिरली, तर तो त्यांनाही एकमेकांत कालवतो. मग 200.0 वर बेरीज दिसते. 101.7 ची दुप्पट वजा 98.3 केलं की 105.1 येतं, आणि उलट केलं की 94.9. या दोन्ही जागी आमच्याकडं काड्या होत्याच. हवेत मात्र त्या नव्हत्या.

सप्ताहात कर्णा पूर्ण सोडला की महाराजांनी न काढलेला घरघराट ऐकू येतो. आवाज थोडा उतरवला की आधी घरघर जाते, अभंग राहतो. इथंही तेच करायचं. मिक्सरच्या अलीकडे अ‍ॅटेन्युएटर असतो, म्हणजे सिग्नल दाबणारा भाग. तो 10 डेसिबलनं वाढवला की मिक्सरपर्यंत एक दशांश ताकद पोचते. यंत्र तेवढी घट आकड्यांत भरून काढतं, म्हणून खरी काडी पडद्यावर जागची हलत नाही. बेरजेची काडी मात्र आत शंभरपट घटलेली असते आणि दुपटीतून वजाबाकी झालेली हजारपट. दहापट भरून काढल्यावरही पहिली 10 डेसिबलनं आणि दुसरी 20 नं खाली येते. खालचं गवत, म्हणजे यंत्राचा स्वतःचा गोंगाट, तेवढ्यात 10 डेसिबलनं वर सरकतं. त्यामुळं अ‍ॅटेन्युएटर बेसुमार वाढवला तर बारीक खरे सिग्नलही त्यात बुडतात.

भाच्यानं बटण दाबलं. 200.0 घसरली, 105.1 आणि 94.9 गवतात गेल्या.

अँटेनाजवळ वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावला असेल तर ही परीक्षा फसते. मिसळ त्याच्याच पोटात झाली तर अ‍ॅनालायझरच्या दृष्टीनं तो सिग्नल खराच. दाबायचं असेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्याही आधी दाबावं लागतं.

दुसरी फसवणूक प्रतिमेची, आणि ती अ‍ॅटेन्युएटरला दाद देत नाही. परभणी आकाशवाणीचं 1305 किलोहर्ट्झ घ्या. जुन्या रेडिओची आयएफ 455, म्हणून आतला ऑसिलेटर 1760 वर. पण 2215 वरचा सिग्नलही 1760 पासून तेवढाच, 455 नं लांब! पुढचा फिल्टर ढिला असेल तर तोही परभणीच्या जागी येऊन बसतो. हीच प्रतिमा. अ‍ॅनालायझरमध्ये असा संशय आला तर आयएफ थोडी बदलून पुन्हा बघायचं. खरी काडी तिथंच राहते, प्रतिमा सरकते. काही स्वस्त यंत्रांत यासाठी 'स्पर' नावाची सोय असते. माझ्या मते ती बहुतेक वेळ चालूच ठेवावी, वेग कमी होतो इतकंच. अँटेना काढूनही काडी उभीच राहिली, तर ती यंत्राच्या घरचीच.

आमच्या पडद्यावर 30 मेगाहर्ट्झच्या खाली एक जाड उंचवटा उरला. अ‍ॅटेन्युएटर वाढवला, हलला नाही. आयएफ बदलली, सरकला नाही. अँटेना काढल्यावर मात्र गेला. भाचा पुन्हा खुलला.

मी जिन्यातला एलईडी दिवा बंद केला. उंचवटा गायब.

"म्हणजे हा खोटाच ना?"

"खरा रे. आपल्याच घरातला."