व्हीटी१०० (टर्मिनल)

व्हीटी१०० हे संगणकाला तारेने जोडायचे, पडदा आणि कीबोर्ड असलेले टर्मिनल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मेनार्ड गावच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने (डेक) ते ऑगस्ट १९७८ मध्ये बाजारात आणले. प्रोग्रॅम चालत ते दूर ठेवलेल्या पीडीपी-११ किंवा व्हॅक्स या डेकच्याच संगणकांवर. दाबलेली कळ तिकडे कळवायची आणि तिकडून आलेली अक्षरे पडद्यावर उमटवायची, एवढेच टर्मिनलचे काम. तरीही त्याच्या पोटात इंटेल ८०८० हा प्रोसेसर होता, म्हणजे अल्टेअर ८८०० या गाजलेल्या घरगुती संगणकात होता तोच.

पडदा १२ इंची, कृष्णधवल. त्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत. एक अक्षर १० × १० ठिपक्यांच्या चौकटीत बसे. पडद्यावर ठिपके उजळवणारा चित्रनळीतला किरण एकाच ठिपक्यापुरता चालू होऊन लगेच बंद झाला, तर अक्षरातल्या उभ्या रेघा आडव्या रेघांपेक्षा फिक्या दिसतात. म्हणून सर्किटमध्येच प्रत्येक ठिपका उजवीकडे थोडा लांबवलेला होता. तासन्तास पडद्यासमोर बसणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार या यंत्रात ठायी ठायी दिसतो आणि त्याचे खरे मोठेपण इथेच आहे.

रुंद अहवालांसाठी १३२ अक्षरांची ओळही निवडता येई, पण मूळ यंत्रात अशा १४ ओळीच दिसत. कारण साध्या गुणाकारात सापडते. मूळ मेमरी ३ किलोबाइट, म्हणजे ३,०७२ बाइट. १३२ अक्षरांच्या २४ ओळींना ३,१६८ बाइट लागतात. ॲडव्हान्स्ड व्हिडिओ ऑप्शन नावाचा जादा बोर्ड आत बसवला की मेमरी वाढे आणि पूर्ण २४ ओळी मिळत. अक्षरांच्या सजावटीचेही असेच. अक्षराला ७ बिट लागत आणि आठवा बिट मोकळा राही. त्या एका बिटात अधोरेखन किंवा उलटे रंग यांपैकी एकच गोष्ट मावे, आणि ती कोणती हे कर्सरच्या निवडलेल्या आकारावर ठरे. जादा बोर्ड असेल तर ठळक, लुकलुकणारी, अधोरेखित आणि उलट्या रंगाची अक्षरे हवी तशी एकत्र वापरता येत. दुसरी अक्षरमाला बसवायची असेल, तर तिच्या चिपसाठी जागाही याच बोर्डावर होती.

मेमरीतली मांडणी विशेष लक्ष देण्याजोगी आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी खुणेचा एक बाइट आणि पुढची ओळ मेमरीत कुठे आहे त्याचा पत्ता लिहिलेला असे. त्यामुळे मजकूर वर सरकवताना हजारो अक्षरे हलवावी लागत नसत. थोडे पत्ते बदलले की काम होई. ओळ दुप्पट रुंद किंवा दुप्पट उंच दाखवायची का, ही माहितीही त्या पत्त्यासोबतच असे. दुप्पट उंचीचे अक्षर दोन ओळींत मिळून बने: तोच मजकूर दोनदा पाठवायचा, एकदा वरच्या अर्ध्यासाठी आणि एकदा खालच्या अर्ध्यासाठी.

ओळी झटक्याने न उडवता हळुवार वर सरकवण्याची सोय लोकांच्या फार आवडीची. पडद्याच्या प्रत्येक चित्रागणिक मजकूर ठिपक्यांची एक आडवी रेघ वर जाई. सेकंदाला ६० चित्रे आणि १० रेघांची ओळ, म्हणजे सेकंदाला ६ ओळी. तारेवरून मात्र मजकूर याहून बराच वेगाने येऊ शके (वेग ५० ते १९,२०० बॉडपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितके संकेत, असा निवडता येई). आलेली अक्षरे थोपवण्यासाठी ६४ अक्षरांची जागा होती. तीत ३२ अक्षरे साठली की टर्मिनल संगणकाला ‘थांब’ असा संकेत पाठवी आणि जागा रिकामी झाली की ‘चालू दे’ असा. कीबोर्डवर कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू दाबल्यावर जातात, ते हेच दोन संकेत.

यंत्राची सेटिंग्ज बदलण्यासाठी पेटी उघडून बारीक स्विच हलवावे लागत नसत. सेट-अप कळ दाबली की पडद्यावरच टॅबची पट्टी, वेग आणि इतर निवडी दिसत. पडद्याचा उजेडसुद्धा तिथेच बाणांच्या कळांनी कमीजास्त होई. केलेले बदल वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत साठवता येत. कीबोर्ड वेगळा, वेटोळ्या तारेने जोडलेला; कळ दाबल्याचा ‘टिक’ आवाज आतल्या छोट्या स्पीकरमधून येई आणि नको असेल तर बंद करता येई. प्रिंटर जोडायचा पोर्ट आणि २० मिलिअँपिअर प्रवाहाने संकेत पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या तारांसाठीचा जोड वेगळा घ्यावा लागे.

पेटीत मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असल्याने पुढे त्यातूनच भावंडे निघाली. व्हीटी१२५ मध्ये आलेख आणि चित्रे काढता येत, व्हीटी१०३ मध्ये एलएसआय-११ हा पीडीपी-११ जातीचा छोटा संगणकच बसवलेला होता, तर व्हीटी१८० मध्ये झेड८० प्रोसेसर आणि सीपी/एम ही संगणक चालवणारी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) होती. व्हीटी१०२ या स्वस्त आवृत्तीत ओळी व अक्षरे मध्येच घालण्याचे किंवा काढण्याचे हुकूम आले. मूळ व्हीटी१०० मध्ये ते नव्हते.

टर्मिनलला दिले जाणारे हुकूम एस्केप या पडद्यावर न उमटणाऱ्या अक्षराने सुरू होत आणि त्यांची रचना एएनएसआय एक्स३.६४ या अमेरिकी मानकाला धरून होती. जुन्या व्हीटी५२ चे हुकूमही ते समजे. १९८३ मध्ये व्हीटी२२० ने त्याची जागा घेतली, पण हुकूम तेच राहिले. टर्मिनलची नक्कल करणारा एक्सटर्म हा प्रोग्रॅम, लिनक्सचा कन्सोल (हुकूम टाइप करायची खिडकी), विंडोज १० चा कन्सोल, सारे तीच भाषा ओळखतात. यंत्राच्या सवयीही सोबत आल्या. ऐंशीव्या स्तंभात अक्षर उमटल्यावर व्हीटी१०० चा कर्सर लगेच पुढच्या ओळीत जात नाही. तिथेच थांबतो आणि पुढचे अक्षर आले तरच उडी घेतो. टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिताना ही सवय चुकली, की मजकूर संपादनाच्या प्रोग्रॅममधल्या ओळी एकेक घर घसरलेल्या दिसतात.