मोठं चाक म्हणजे जास्त ताकद? वाफेच्या इंजिनाचा उलटा हिशोब

'जेवढी चाकं मोठी, तेवढं वाफेचं इंजिन ताकदवान', जुन्या अमेरिकन इंजिनांच्या फोटोखाली ही ओळ कित्येक वर्षं फिरतेय. फोटो बघून पटतं पण, एवढं माणसाएवढं चाक म्हटल्यावर.

खरं मात्र उलटं आहे. १९१८ च्या स्टँडर्ड डिझाइनचं लाइट मिकाडो घ्या, मालगाडीचं इंजिन, २-८-२, म्हणजे पुढे २ छोटी चाकं, मधे ओढणारी ८ आणि मागे २. ओढणाऱ्या चाकांचा व्यास फक्त ६३ इंच. पिस्टनचा दांडा चाकाच्या मध्यापासून १५ इंचांवर जोर लावतो, आणि तो जोर रुळापर्यंत पोचतो चाकाच्या कडेला, मग कड जितकी लांब तितका तिथे जोर कमी, सायकलचा गिअर बदलताना पायाला जाणवतं ना, तसंच काहीसं.

स्वतः करून बघा, कॅल्क्युलेटर पुरतो. सिलिंडरचा व्यास २६ इंच, त्याचा वर्ग ६७६, गुणिले स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव) ३० इंच, गुणिले वाफेचा दाब २०० (पौंड दर चौरस इंच), गुणिले ०.८५ (बॉयलरमधला सगळा दाब पिस्टनपर्यंत पोचत नाही म्हणून), भागिले चाकाचा व्यास ६३. ओढण्याचा जोर येतो साधारण ५४,७०० पौंड. आता बाकी सगळं तेच ठेवून ६३ च्या जागी ८० टाका, आकडा ४३,१०० वर येतो!

मग पॅसेंजर इंजिनांना मोठी चाकं कशाला? वेगासाठी. ६३ इंची चाक एका फेऱ्यात साडेसोळा फूट जातं, ८० इंची जवळपास २१, पिस्टनची धावपळ तेवढीच.