कॅनडातला ऑटिझम उपचारांचा लढा : कोर्टात हरलेला हक्क

कॅनडात डॉक्टरकडे गेलं की बिल हातात पडत नाही. १९८४च्या कॅनडा हेल्थ ॲक्टनुसार डॉक्टरांच्या आणि हॉस्पिटलच्या आवश्यक सेवांचा खर्च प्रांताच्या सार्वजनिक विम्यातून भागतो. तरीही याच देशात ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या आईबापांनी उपचारांसाठी घरं गहाण टाकली, वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात ते हरले. आज कॅनडात ऑटिझमच्या सरकारी मदतीवरून जे वाद झडतात, त्यांची मुळं या पराभवात आहेत.

सगळी मेख ‘डॉक्टर आणि हॉस्पिटल’ या दोन शब्दांत आहे. ऑटिझम असलेल्या मुलासोबत रोज तासन्‌तास बसणारा थेरपिस्ट डॉक्टर नसतो आणि त्याचं काम हॉस्पिटलात चालत नाही. त्यामुळे ते हमीच्या बाहेर राहतं. प्रांताला वाटलं तर त्याने खर्च करावा, नाही वाटलं तर नाही.

अपंगांच्या हक्कांची बाजू मात्र कॅनडात भक्कम होत चालली होती. १९८०मध्ये हक्कांच्या सनदेचा मसुदा आला तेव्हा समानतेच्या कलमात अपंगत्वाचा उल्लेखच नव्हता. अपंगांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, खासदारांच्या समितीपुढे बोलल्या आणि जानेवारी १९८१मध्ये ‘मानसिक किंवा शारीरिक अपंगत्व’ हे शब्द मसुद्यात आले. समानतेचं हे पंधरावं कलम एप्रिल १९८५मध्ये लागू झालं.

या कलमाची ताकद १९९७मध्ये एल्ड्रिज खटल्यात दिसली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका कर्णबधिर बाईला जुळी मुलं मुदतीआधी झाली, तेव्हा हॉस्पिटलात खुणांच्या भाषेचा दुभाषी नव्हता. एका बाळाचे ठोके मंदावलेत, हे नर्सने तिला हातवारे करून सांगितलं. जन्मताच बाळांना तिच्यापासून दूर नेलं आणि तिच्या हाती आली ती फक्त ‘ठीक आहेत’ असं लिहिलेली चिठ्ठी. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सेवा सर्वांना दिली, पण अपंग माणसाला ती वापरताच आली नाही, तर तो भेदभाव आहे. दुभाष्याचा खर्च सरकारनेच करायला हवा. आपल्यालाही आता न्याय मिळेल, असं ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांना वाटलं, यात नवल काय?

या पालकांच्या मागे आणखी एक इतिहास होता, तो दोषारोपाचा. १९४३मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या नोंदींवरून ऑटिझमचं वर्णन केलं. त्यानंतरची दोन दशकं आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं, ही समजूत तज्ज्ञांमध्येच पसरली. ब्रूनो बेटलहाइम यांनी ती लोकप्रिय केली. १९६४मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता, ऑटिझमचं कारण जैविक असल्याचं ठामपणे मांडलं. पुढच्याच वर्षी त्याने अमेरिकेत पालकांची राष्ट्रीय संघटना उभी केली. ज्यांना गुन्हेगार ठरवलं गेलं होतं, तेच पुढे चळवळीचे कार्यकर्ते झाले. या पालकांचा बाणा इतका आक्रमक का, हे यावरून कळतं.

मग १९८७ साल आलं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले इव्हार लोव्हास यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकोणीस लहान मुलांना आठवड्याला चाळीस तास, दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ वर्तनोपचार दिले. त्यातली नऊ मुलं बुद्ध्यांक आणि शाळेतली प्रगती या दोन्ही बाबतींत सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीने आली, असा त्यांचा दावा होता. पद्धत दिसायला साधी आहे. लहानसं टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. ‘नाकाला हात लाव’ अशी एकच सूचना. मुलाने केलं तर लगेच शाबासकी किंवा खाऊ, नाही केलं तर त्याचा हात धरून करवून घ्यायचं. प्रत्येक प्रयत्नाची कागदावर खूण, आणि पुन्हा तेच, शेकडो वेळा. लोव्हास यांच्या सुरुवातीच्या कामात मुलांना थप्पड मारणं आणि विजेचे झटके देणंही होतं. हे विसरून या उपचारांचा इतिहास लिहिता येत नाही आणि मला तो तसा लिहायचाही नाही.

ब्रिटिश कोलंबियात या उपचारांचा खर्च एका मुलामागे वर्षाला ४५ ते ६० हजार डॉलर होता. १९९८मध्ये चार मुलांच्या पालकांनी सरकारवर दावा लावला. तो ऑटन खटला म्हणून ओळखला जातो. २०००मध्ये न्यायाधीश मॅरियन ॲलन यांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला. २००२मध्ये अपील न्यायालयानेही तो कायम ठेवला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९ नोव्हेंबर २००४ रोजी एकमताने निकाल फिरला. सरन्यायाधीश बेव्हर्ली मॅकलाकलिन यांनी निकालपत्रात पालकांबद्दल सहानुभूती व्यक्त केली. पण आरोग्यव्यवस्थेने काय द्यावं हे ठरवणं कायदेमंडळाचं काम आहे, असं त्यांनी लिहिलं. गरजेचा प्रत्येक उपचार देऊ असं वचन कायद्याने दिलेलंच नाही. वचन आहे ते डॉक्टर-हॉस्पिटलच्या मूळ सेवांचं. जे कोणालाच दिलेलं नाही, ते नाकारणं हा भेदभाव कसा?

तर्क नेटका आहे, पण मला तो पटत नाही. कायद्याची यादीच अशी आखली असेल की एका प्रकारच्या अपंगत्वाची मुख्य गरज तिच्याबाहेर राहावी, तर भेदभाव यादी करतानाच झालेला असतो. एल्ड्रिज खटल्यात कोर्टाने दाराची रुंदी तपासली होती. इथे दार कुठे ठेवायचं हा सरकारचा प्रश्न, म्हणून ते मागे सरलं.

ऑटन खटल्याच्याच सुनावणीत एक वेगळा आवाजही पोहोचला होता. मिशेल डॉसन या माँट्रियलच्या, स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधक. खटल्यात पक्षकार नसूनही त्या आपलं म्हणणं मांडायला कोर्टात उभ्या राहिल्या, आणि त्या पालकांच्या बाजूने नव्हत्या. उपचार न मिळालेल्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांचं आयुष्य निवासी संस्थांत जातं, हे वाक्य निकालपत्रातही आलं आहे. ऑटिस्टिक माणसांचं असं भयाण चित्र रंगवून पैसे मागायचे आणि त्या माणसांना एका शब्दाने विचारायचं नाही, हेच डॉसन यांना मान्य नव्हतं. पालकांना त्या वेळी हा घरभेदीपणा वाटला असेल. पण अपंगांच्या चळवळीचं मूळ तत्त्व पाहिलं तर डॉसन यांचं म्हणणं रास्त होतं: ज्यांच्याबद्दल निर्णय होतोय, ते खोलीत हवेत.

ऑन्टारियो प्रांतात घोडं वयाशी अडलं. तिथे सरकारी वर्तनोपचार होते, पण सहाव्या वाढदिवसापर्यंतच. प्रतीक्षायादी इतकी लांब की नंबर लागेपर्यंत मूल पाच वर्षांचं होऊन जायचं. मग काही महिने थेरपी चालायची, मूल बोलायला लागायचं आणि केक कापला की सेवा बंद. २००५मध्ये विनबर्ग खटल्यात पालक जिंकले, २००६मध्ये अपिलात हरले आणि २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. गंमत नव्हे, पण शिकण्यासारखं आहे: वयाची अट सरकारने २००५मध्येच, अपिलाचा निकाल लागण्याआधी, मागे घेतली होती. 

पुढे कोर्टापेक्षा लोकांच्या दबावाची वाट रुळली. २०१६मध्ये ऑन्टारियोने पाच वर्षांवरच्या मुलांना सघन उपचारांच्या यादीतून काढून एकदाच ८,००० डॉलर देऊ केले. तीन महिन्यांत निर्णय फिरला. फेब्रुवारी २०१९मध्ये नवी योजना आली. प्रतीक्षायादीत २३,००० मुलं होती आणि वय व कुटुंबाचं उत्पन्न पाहून ठरावीक रक्कम वाटायची, मुलाची गरज कितीही कमी-जास्त असो. ७ मार्चला टोरांटोत विधानसभेसमोर पालकांची प्रचंड निदर्शनं झाली. त्याच वर्षी तरतूद जवळपास दुप्पट, ६० कोटी डॉलर झाली आणि खात्याच्या मंत्रीही बदलल्या.

कोर्टातून दिलासा आला तो शाळेच्या वाटेने. २०१२च्या मूर खटल्यात डिस्लेक्सिया (वाचायला शिकण्यातली अडचण) असलेल्या मुलाला सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला. शिक्षण सर्वांना देण्याचं वचन कायद्यात आहे, आणि या मुलासाठी खास मदत हाच त्या शिक्षणाकडे नेणारा रॅम्प आहे, असं न्यायमूर्ती रोझली अबेला यांनी म्हटलं. ऑटन खटल्यात मागणी ‘उपचारा’ची होती, इथे ‘शिक्षणा’ची. मुलाला बोलायला, वाचायला, इतरांत मिसळायला शिकवणं याला वैद्यकीय नाव दिल्यामुळे पालकांची बाजू लंगडी पडली, असं मला ठामपणे वाटतं.

संघराज्याच्या पातळीवर सिनेटच्या समितीने २००७मध्येच राष्ट्रीय धोरणाची शिफारस केली होती. त्यासाठीचा कायदा व्हायला मार्च २०२३ उजाडला. त्यात ऑटिस्टिक व्यक्तींशी सल्लामसलत करणं बंधनकारक आहे, म्हणजे डॉसन यांचा मुद्दा कायद्यात आला. आराखडा सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर झाला. उपचारांचे पैसे द्यायला तो कोणत्याही प्रांताला भाग पाडत नाही. ऑन्टारियोची ऑटिझम योजना अठराव्या वर्षी संपते, आणि ऑटन खटल्यातली मुलं आज तिशीच्या घरात आहेत. त्यांच्या वयाच्या माणसांना घर, नोकरी आणि रोजची सोबत लागते. त्या मागण्यांचा खटला अजून कोणी जिंकलेला नाही.