जन्माने मसल कार, वयाने क्लासिक

जुन्या गाड्यांच्या रॅलीत लांबरुंद अमेरिकन गाडी आली की गर्दीतून कुणीतरी हमखास म्हणतं, "ती बघ, मसल कार!" बहुतेक वेळा ती १९५७ची शेवरले बेल एअर असते, नाहीतर चार दारांची इम्पाला. गाडी देखणी असते, बॉनेटखाली आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिनही असतं, पण ती मसल कार नसते. मसल कार ही अमेरिकेत एका ठरावीक दशकात, ठरावीक कारणांनी जन्मलेली जात आहे. क्लासिक हा किताब आहे. तो गाडीला पुढे कधीतरी मिळतो, आणि कुणी द्यायचा यावर सत्तर वर्षं वाद चालू आहे.

जानेवारी १९६३मध्ये जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी आपल्या सगळ्या विभागांना हुकूम दिला: कारखान्याच्या पैशाने शर्यतीत उतरायचं नाही. सर्वांत मोठा फटका पॉन्टिॲक विभागाला बसला, कारण शर्यती जिंकूनच त्यांनी आपली म्हाताऱ्यांची गाडी ही ओळख पुसली होती. आता शर्यतीच्या मैदानावर जे दाखवता येणार नाही ते रस्त्यावर कसं दाखवायचं, हा प्रश्न मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांपुढे होता. बिल कॉलिन्स या अभियंत्याच्या लक्षात आलं, की टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीतलं ३२६ घनइंची इंजिन आणि मोठ्या पॉन्टिॲकमधलं ३८९ घनइंची इंजिन बाहेरून एकाच मापाची आहेत. एक काढून त्याच जागी दुसरं बसतं. ३८९ घनइंच म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर, आपल्या मारुती ८००ची आठ इंजिनं एकत्र केली तर एवढी क्षमता होईल.

अडचण कंपनीच्याच दुसऱ्या नियमाची होती. मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायला मनाई होती. पण हा नियम नव्या मॉडेलला लागू होता, आणि नव्या मॉडेललाच वरिष्ठांची मंजुरी लागायची. म्हणून पॉन्टिॲकने नवं मॉडेल काढलंच नाही. टेम्पेस्ट ल मान्स या गाडीवर साधारण ३०० डॉलर जादा देऊन घ्यायचा एक ऐच्छिक संच म्हणून जीटीओ १९६४ साली बाजारात आली. नाव फेरारीकडून उचललेलं होतं, आणि फेरारीचे भक्त त्यावर चिडलेही. विक्री विभागाला ५,००० गाड्याही खपतील याची खात्री नव्हती. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. साध्या कार्ब्युरेटरवर ३२५ अश्वशक्ती, तीन कार्ब्युरेटरच्या जोडणीवर ३४८.

मसल कारची व्याख्या मी या एका गाडीवरून करतो. मध्यम आकाराची, दोन दारांची, मागे बसायला जागा असलेली साधी गाडी. तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन. आणि किंमत अशी, की नोकरीला लागलेल्या तरुणाने हप्त्यांवर घ्यावी. तिसरी अट लोक विसरतात, पण माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. ताकदवान गाड्या आधीही होत्याच. १९४९च्या ओल्डस्मोबिल रॉकेट ८८ला अनेक जण या घराण्याची पणजी मानतात, आणि १९५५च्या क्रायस्लर सी-३००मध्ये तर ३०० अश्वशक्ती होती. पण ती क्रायस्लर श्रीमंतांसाठी होती. कॉर्व्हेट वेगवान, पण ती दोन आसनांची स्पोर्ट्स कार. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आलेली फोर्ड मस्टँग मुळात छोट्या फाल्कन गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली. तिच्या जातीला अमेरिकन लोक पोनी कार म्हणतात. मोठ्या इंजिनाच्या मस्टँगला मसल कारच्या पंगतीत बसवायला माझी हरकत नाही, पण सहा सिलिंडरच्या साध्या मस्टँगला ते नाव लावणं चूक आहे.

वेळही नेमकी साधली गेली. महायुद्धानंतर, १९४६पासून जन्मलेली प्रचंड मोठी पिढी १९६४मध्ये अठरा वर्षांची होत होती. पेट्रोल गॅलनला तीस सेंटच्या आसपास. डेट्रॉइटहून पॉन्टिॲक गावाकडे जाणाऱ्या सरळसोट वुडवर्ड ॲव्हेन्यूवर रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत चुरस चालायची. पाव मैलाची सरळ धाव, एवढाच या गाड्यांचा धर्म. वळणावर त्या डगमगत. पहिल्या जीटीओला चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते, आणि त्या वेगाला ते पुरेसे नव्हते. या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यानेही हे मान्य केलं पाहिजे.

मग सगळेच या शर्यतीत उतरले. १९६६मध्ये जीटीओचा खप ९६,९४६वर गेला. त्याच वर्षी क्रायस्लरने शर्यतीसाठी घडवलेलं ४२६ घनइंची हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाचं) इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत द्यायला सुरुवात केली. कागदावर त्याची ताकद ४२५ अश्वशक्ती. १९६८ची प्लायमाउथ रोड रनर मला या सगळ्यांत खरी वाटते. तोपर्यंत जीटीओ महागली होती, म्हणून प्लायमाउथने चैनीच्या वस्तू काढून टाकल्या, ३८३ घनइंची इंजिन ठेवलं आणि किंमत ३,००० डॉलरच्या आत आणली. व्यंगचित्रातल्या पक्ष्याचं नाव वापरण्यासाठी मात्र ५०,००० डॉलर मोजले, आणि हॉर्नही त्याच्या 'बीप बीप'सारखा बसवला. १९७०मध्ये जनरल मोटर्सने मध्यम गाड्यांवरची इंजिनाची मर्यादाच उठवली, आणि शेवरलेने शेव्हेल एसएसमध्ये ४५४ घनइंची, ४५० अश्वशक्तीचं इंजिन देऊ केलं. यापुढे चढण उरली नव्हती.

या गाड्या १९७३च्या तेलटंचाईने मारल्या, असं सर्रास सांगितलं जातं. आकडे तसं सांगत नाहीत. जीटीओ १९७०मध्ये ४०,१४९ खपल्या, १९७१मध्ये १०,५३२. अरब देशांची तेलबंदी यायला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. पहिला घाव विमा कंपन्यांचा. पंचविशीच्या आतल्या मुलाने मोठ्या इंजिनाची गाडी घेतली तर विम्याचा हप्ता त्याला पेलवेनासा झाला. दुसरा घाव हवेच्या कायद्याचा. १९७०च्या अखेरीस अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला. शिसं कमी असलेल्या पेट्रोलवर चालावं म्हणून जनरल मोटर्सने १९७१च्या आपल्या इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, त्याने ताकदही घटली. त्यात १९७२पासून ताकद मोजायची पद्धत बदलली. आधी इंजिन उघडं, पंखा-सायलेन्सरशिवाय मोजत. आता गाडीत बसवल्यासारखं मोजू लागले, त्यामुळे कागदावरचे आकडे आणखी पडले. ऑक्टोबर १९७३ची तेलबंदी आली तेव्हा रुग्ण आधीच अंथरुणाला खिळला होता. शेवटची जीटीओ १९७४ची, छोट्या व्हेंचुरा गाडीवर ३५० घनइंची इंजिन घातलेली, २०० अश्वशक्तीची.

'मसल कार' हे नावसुद्धा नंतर रूढ झालं. गाड्या नव्या होत्या तेव्हा अमेरिकन मासिकं त्यांना बहुधा 'सुपरकार' म्हणत.

क्लासिक या शब्दाची कुळकथा अगदी उलट दिशेने येते. १९५२मध्ये स्थापन झालेल्या क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिकाने हा मान सुरुवातीला १९२५ ते १९४२मधल्या निवडक गाड्यांपुरता ठेवला. पुढे तो काळ १९१५ ते १९४८ असा रुंदावला. ड्यूझेनबर्ग, पॅकार्ड, सोळा सिलिंडरची कॅडिलॅक अशा नव्या असतानाच अतिमहाग गाड्या त्या यादीत आहेत. त्या क्लबच्या हिशेबाने एकही मसल कार क्लासिक नाही आणि कधी होणारही नाही. वयाचा हिशेब लावणारे मात्र उदार आहेत. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या सर्वांत मोठ्या क्लबला पंचवीस वर्षं पुरतात, तर आंतरराष्ट्रीय महासंघ फिवा तीस वर्षं मागतो, आणि शिवाय गाडी मूळ रूपात जपलेली, रोजच्या वापरात नसलेली असावी असं म्हणतो. ब्रिटनमध्ये रस्ताकराची सवलत चाळीस वर्षांनी मिळते.

या पट्टीने पहिली जीटीओ १९८९मध्ये पंचविशीला पोचली. तोवर तिच्या कित्येक बहिणी ठोकल्या गेल्या, गंजल्या, भंगारात गेल्या होत्या. ज्या उरल्या त्यांचे भाव चढले. १९७१ची हेमी इंजिनाची उघड्या छपराची प्लायमाउथ कुडा, अवघ्या ११ घडवलेल्या, तिच्यातली एक २०१४मध्ये सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. एवढा पैसा आला की नकलाही येतात. आणि इथे १९६४ची युक्ती आजच्या खरेदीदाराला भोवते: जीटीओ तेव्हा नुसता ऐच्छिक संच असल्यामुळे १९६४ आणि १९६५च्या चॅसी नंबरवरून गाडी खरी जीटीओ आहे की सजवलेली ल मान्स, हे ठरत नाही. कारखान्याची जुनी कागदपत्रं आणि इंजिनावरचे शिक्के तपासावे लागतात. १९६६पासून ती स्वतंत्र मॉडेल झाली आणि तिचा नंबर २४२ने सुरू होऊ लागला.

आपल्याकडे खऱ्या मसल कार फारशा आल्याच नाहीत; त्या काळी आयातीवर कडक निर्बंध होते. पण त्यांच्या आधीच्या पिढीशी मुंबईचं जवळचं नातं आहे. जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती, आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यात डॉज, डिसोटो, प्लायमाउथ जोडल्या. रॅलीत मसल कार म्हणून टाळ्या घेणाऱ्या काही गाड्या खरं तर कुर्ल्याच्या आहेत. त्यांना कुर्ल्याची डॉज म्हणावं, त्यात कमीपणा काहीच नाही.

भारतात कायद्याने क्लासिक नाही, व्हिंटेज हा शब्द धरला आहे. जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज ठरते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. रोजच्या वाहतुकीला ती वापरता येत नाही. शिवाय चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. ही शेवटची अट आपल्याकडे जड जाते, कारण पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी डॉज-प्लायमाउथमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली. कुणाच्या गॅरेजच्या कोपऱ्यात तसं काढून ठेवलेलं मूळ इंजिन आणि जुनं आरसी बुक अजून पडून असेल, तर कृपा करून ते भंगारवाल्याला देऊ नका.