गाडीखालचे पाटे, स्प्रिंग आणि लोअर आर्म घरी रंगवताना

सोयाबीन घरात आलं की बरेच ग्राहक गाडीखाली मारायला काळ्या रंगाचा डबा मागतात. डबा आम्ही देऊच. पण हा रंग टिकतो तो आधीच्या सफाईवर, म्हणून हे पत्रक.

आपली काळी माती चिकट. पांदण रस्त्याने वावरापर्यंत गेलेल्या गाडीच्या लोअर आर्मच्या (चाक चेसिसला जोडणारा खालचा दांडा) खोबणीत आणि पाट्यांच्या (एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या पट्ट्या) फटीत ती जाऊन बसते. वरून वाळलेली दिसली तरी आत ओल धरून ठेवते. खताची पोती नेत असाल तर जास्त जपा. पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, ते ओलीसोबत खाली झिरपलं की गंज झपाट्याने वाढतो.

गाडी पक्क्या, सपाट जागेवर घ्या, टेकलेल्या चाकांना ठोकळे लावा आणि चेसिसखाली स्टँड देऊनच खाली शिरा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कृपा करून जाऊ नका.

धुऊन वाळल्यावर गंजाचे पापुद्रे स्क्रू ड्रायव्हरने खरवडून पाहा. खालचा पत्रा पातळ झाला असेल, कुठे तडा किंवा भोक असेल, बॉलजॉइंटचा बूट (सांध्यावरचं रबरी आवरण) फाटला असेल, तर रंग घेऊ नका, आधी मेकॅनिकला दाखवा. रंगाखाली तडा लपतो, आणि तो पार्ट भर रस्त्यात तुटतो.

पाट्यांवर जळकं ऑइल किंवा डिझेल मारायची सवय आपल्याकडे आहे. त्याने रबरी बुश फुगून खराब होतात आणि रंगही धरत नाही. असं ऑइल आधी साबणाच्या पाण्याने काढा, मग थिनरच्या कापडाने पुसा. कापड काळं झालं की बदला.

गंज तारेच्या ब्रशने आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, मग 180 नंबर फिरवा. स्प्रिंग आणि पाट्यांना मात्र ग्राइंडरची चकती लावू नका. हे पार्ट सतत वाकतात, चकतीच्या चऱ्यापासूनच तडा सुरू होतो. ॲसिडचं गंज काढायचं औषधही यांना नको. त्यातून हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ होतं. गॅसचा जाळ दिला तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. शॉकअपवरची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती घरी सोडवू नका, उसळली तर जीव जाऊ शकतो. रंगवायला ती काढावी लागतही नाही.

शॉकअपचा चकचकीत रॉड, सगळं रबर, ब्रेकचे पाइप, डिस्क, सेन्सरच्या वायरी आणि बोल्टचे आटे टेपने झाका. बोल्ट जिथे दाबून बसतो तिथेही रंग नको. तो थर पुढे चेपतो आणि बोल्ट ढिला पडतो.

प्रायमरमध्ये रेड ऑक्साइड स्वस्त आणि ब्रशने मारायला सोपं. गिट्टीच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला आम्ही दोन डब्यांचं इपॉक्सी प्रायमर सुचवतो. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाला, अंदाजाने नाही. रेड ऑक्साइडवर सिंथेटिक इनॅमलच मारा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) किंवा टू-के (हार्डनर मिसळायच्या) रंगाच्या कडक थिनरने खालचा थर सुरकुततो. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात चांगले. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे फटीत रंग राहणार नाही. फक्त कडा आणि उघडी बाजू रंगवा.

दिवाळीनंतरचे महिने यासाठी उत्तम. सकाळचं दव उडाल्यावर सुरू करा आणि दुपारी चारपर्यंत हात थांबवा. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या लोखंडावर रंग पसरण्याआधीच सुकतो. काम मोकळ्या हवेत करा, मास्क लावा. थिनरजवळ बिडी-काडी अजिबात नको. इपॉक्सी पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा लागतो, तोवर गाडी चिखलात घालू नका. कामासाठी चाकं काढली असतील तर त्यांचे नट 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळून घ्या.

रंग घ्यायला येताना गाडीखालचे दोन-चार फोटो मोबाइलवर आणा. कोणतं प्रायमर आणि किती लागेल, ते पाहून सांगू.